अकरा महिन्यांचं घर

गेल्या महिन्यात आमच्या फोंड्याच्या फ्लॅटमध्ये एक नवीन जोडपं राहायला आलं. तमिळ. लग्नाला वर्षही झालेलं नाही. त्याला वेर्णेच्या एका कारखान्यात नोकरी, तिला अजून नाही. सामान म्हणजे दोन सुटकेसा, एक गादी आणि भांड्यांचं एक खोकं. चावी द्यायला मी गेले तेव्हा ती मुलगी गॅसवर दुधाचं पातेलं ठेवून उभी होती. दूध वर आलं, काठावरून उतू गेलं, तिनं हात जोडले आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळल्यासारखी हसली. मी तिला तिच्याच भाषेत म्हटलं, "पाल पोंगियाच्चा?" म्हणजे, दूध उतू गेलं ना? ती इतकी दचकली की पातेलंच हातातून सुटायचं!

त्या दचकण्यानं मला वीस-बावीस वर्षं मागे नेलं.

आमचं लग्न झालं २००३ च्या फेब्रुवारीत. ह्यांची नोकरी चेन्नईत, गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत. जून उजाडता आम्ही निघालो. मडगावहून बसनं बंगळूर, तिथून रात्रीची मेल. इकडे पाऊस सुरू झालेला, आंगणात पाण्याचे ओहोळ, वळचणीखाली बादल्या. आई दारात उभी राहून एकच विचारत होती, "गो, थंय नुस्तें मेळटा मगो?" तिच्या लेखी चेन्नई काय आणि लंका काय, नुस्तें मिळालं की माणूस जगतो.

दक्षिणेत जाणार म्हणून पुण्याच्या माझ्या मावसबहिणीनं माझी कीव केली होती. मला गंमत वाटली. पुणेकरांच्या हिशेबात आम्हीच दक्षिणेकडचे. आमच्या हिशेबात दक्षिण कारवारच्या पुढे सुरू होते. आणि चेन्नईला पोचल्यावर कळलं की तिथल्या लोकांच्या लेखी आम्ही 'नॉर्थ इंडियन'! दिशा म्हणजे शेवटी आपण कुठे उभे आहोत त्यावर अवलंबून.

घर मिळालं मैलापूरला, कपालीश्वराच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर. जुनं, कौलारू, पुढे तिण्णै. तिण्णै म्हणजे आपला सोपाच की! दोन्ही बाजूंना बसायला ओटे, मधून आत जायची वाट, तांबडी गुळगुळीत जमीन, आत छोटा उघडा चौक. राजांगण बघून वाढलेल्या मला ते घर पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. खाली मालक-मालकीण, वर गच्चीला लागून दोन खोल्या आणि एक चिंचोळं स्वयंपाकघर, ते आमचं. दहा महिन्यांचं भाडं आगाऊ, ही तिथली रीत. करार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा केला की तेव्हा नोंदणी करावी लागायची.

मालक रेल्वेतून निवृत्त झालेले. तिथं वडीलधाऱ्यांना मामा आणि मामी म्हणतात. शब्द आपलेच, त्यामुळे एक अडचण तरी कमी झाली. मामांनी करारावर सही करण्याआधी चष्म्यावरून ह्यांच्याकडे बघत इंग्रजीत विचारलं, "तुम्ही ब्राह्मण ना?" हे म्हणाले, "हो. सारस्वत." मामांनी मान डोलावली आणि सही केली.

आता तुम्हाला मी काय सांगू! ह्यांचं उत्तर खोटं नव्हतं. पण मामांनी काय विचारलं होतं ते आम्हा दोघांनाही पक्कं कळलं होतं. सोमवार पाळणारे, श्रावणात तोंडालाही न लावणारे आणि मंगळवारी सकाळी मासळीवालीच्या हाकेकडे कान लावून बसणारे आम्ही. जिना चढताना मी ह्यांना म्हटलं, "सांगून टाकायला हवं होतं." हे म्हणाले, "सांगितलं असतं तर घर मिळालं नसतं. घरात नाही शिजवायचं, झालं." तेही खरं होतं. तीन घरं त्याआधी अशीच गेली होती.

तर असा आमचा संसार सुरू झाला. एका अर्ध्या वाक्यावर.

पहिले दोन महिने मी जवळजवळ मुकी होते. घरात आम्ही बोलतो कोंकणी, लिहितो-वाचतो मराठी, शाळा इंग्रजी. एवढ्या भाषा गाठीला असून भाजीवाल्याला वांगी मागता येत नव्हती. मामींची मला दया आली असावी. त्यांनी लहानपणी हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या होत्या. त्यामुळे त्यांची हिंदी थेट पाठ्यपुस्तकातून यायची. "कृपया बैठिए. क्या आपने भोजन ग्रहण किया?" मी हसू दाबत बसायची. पण तो प्रश्न मात्र मनाला लागायचा. तमिळमध्ये भेटलं की "शाप्टाच्चा?" विचारतात, जेवलीस का? आपल्याकडे "जेवली मगो?" विचारतात, तसंच.

लिपी मी बसच्या पाट्यांवरून शिकले. तिथं क, ख, ग, घ ह्या सगळ्यांना मिळून एकच अक्षर. 'गांधी' लिहिलेलं सरळ वाचलं तर 'कान्ति' होतं. मग मी मामींना विचारलं, वाचणाऱ्याला कळतं कसं? त्या म्हणाल्या, "जानते हैं, इसलिए पढ़ते हैं." आधी शब्द ओळखीचा हवा, मग तो वाचता येतो. ह्या वाक्यावर मी पुढे बरीच वर्षं विचार केला आहे.

आणि एक शिकले ते निरोपाचं. आपण घरातून निघताना 'जाते' म्हणत नाही, 'येते' म्हणतो. तिथंही नुसतं 'पोरेन' म्हणजे जाते असं म्हणत नाहीत. 'पोयिट्टु वरेन'. जाऊन येते. मी एकदा चुकून नुसतं 'पोरेन' म्हटलं तर मामींनी जिन्यातून परत बोलावून घेतलं आणि नीट म्हणायला लावलं. आईनंही तेच केलं असतं.

पण त्या वर्षाची खरी गोष्ट पाण्याची. २००३ सालचा चेन्नईचा दुष्काळ ज्यांनी बघितला नाही त्यांना कसं सांगायचं कळत नाही. शहराला पाणी देणारे तलाव आटले. नळाला पाणी येईनासं झालं. दिवसदिवस नव्हे, महिनेच्या महिने. लॉरी यायची, म्हणजे टँकर. रस्त्याच्या कोपऱ्यावर काळी टाकी ठेवलेली, तिच्यात ओतायची. मग बायकांची रांग. हिरव्या, निळ्या, गुलाबी प्लॅस्टिकच्या घागरी. तिथं त्यांना कुडम म्हणतात. माणूस रांगेत नसला तरी त्याचा कुडम असायचा. लॉरीची वेळ ठरलेली नसे. रात्री दोन वाजता कुणीतरी ओरडायचं, "तण्णी वन्दाच्चु!" आणि सगळी गल्ली जागी व्हायची.

गोव्यात पावसाळ्यात वाढलेली मी. पाण्याकडे आम्ही कधी वस्तू म्हणून बघितलंच नव्हतं. पाणी म्हणजे असतंच. तिथं मी तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायला शिकले, आणि भांडी विसळलेलं पाणी संडासाला ठेवायला. पावसात भिजणाऱ्या आईच्या आंगणाची आठवण यायची आणि वाटायचं, एक बादली तरी इकडे पाठव गो.

घराच्या मागे विहीर होती. वर्षानुवर्षं न आटलेली, असं मामा सांगत. त्या उन्हाळ्यात तिनं तळ दाखवला होता. सकाळी एकदाच चार-पाच घागरी निघायच्या, त्याही जरा मचूळ. सरकारनं त्याच वर्षी प्रत्येक घराला छपरावरचं पाणी जमिनीत मुरवण्याची सक्ती केली. मामांनी कुरकुरत नळ्या बसवून घेतल्या. "पाऊस असेल तर मुरवू ना!" म्हणायचे. वरच्या मजल्याला त्या विहिरीतलं पाणी देण्याचं करारात कुठेच नव्हतं. पण नोव्हेंबरात मला दिवस राहिल्याचं कळलं तेव्हापासून रोज सकाळी जिन्याच्या चौथ्या पायरीवर पितळेची एक भरलेली घागर असायची. वर तांब्या उपडा घातलेला. मामींनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. मी रिकामी घागर घासून पुन्हा त्याच पायरीवर ठेवायची.

त्याच थंडीत, म्हणजे तिथं जिला थंडी म्हणतात त्या दिवसांत, मार्गळी महिना आला. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा. पहाटे बायका दारात सडा घालून तांदळाच्या पिठाचं कोलम काढतात, मधोमध शेणाचा गोळा आणि त्यात भोपळ्याचं पिवळं फूल. त्या वर्षी सड्याचं पाणी ओंजळभरच. मामींनी मला ठिपके मोजायला शिकवलं. पिठाचं का, तर मुंग्यांनी खावं म्हणून. देवळाभोवतीच्या माड वीथींतून पहाटेच भजनाची दिंडी जायची. एका पहाटे मी गच्चीवर उभी होते आणि खालून टाळांच्या ठेक्यावर विठ्ठलाचा अभंग आला. नामदेवांचा! उच्चार तमिळ, 'ठ्ठ'चा 'ट्ट' झालेला, पण चाल अशी की मला थेट आमच्या देवळातला सप्ताह आठवला. मी धावत खाली गेले. मामींना विचारलं, हे तुम्हाला कसं येतं? त्या आश्चर्यानं म्हणाल्या, "यह तो हमारा ही है."

आणि त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. शिवाजी महाराजांचे सावत्रभाऊ व्यंकोजी ह्यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतलं, ते भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. त्या काळात मराठी कीर्तन तिकडे रुजलं. तिथल्या हरिकथेत आजही साकी आणि दिंडी ही वृत्तं गातात. मामींचं माहेर कुंभकोणमचं, म्हणजे तंजावरच्या शेजारचं. एकदा त्यांनी ताकात कालवलेलं उडदाच्या पिठाचं काहीतरी पानात वाढलं. मी विचारलं, काय हे? "डांगर पच्चडी." डांगर! माझी आजी करायची ते डांगर. मग मी पानातले शब्द शोधायलाच लागले. वांग्याची आमटी केली की तिचं नाव रसवांगी. काकडीची केली की कोसुमल्ली, आपल्या कोशिंबिरीची बहीण. पोंगलच्या सुट्टीत आम्ही तंजावरला गेलो. बृहदीश्वराच्या देवळात १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून ठेवला आहे. राजराज चोळानं बांधलेल्या त्या भिंतीसमोर उभी राहून मी आपली भाषा बघत होते आणि मला पहिल्यांदाच वाटलं, आपण इथं अगदीच परक्या नाही. आपल्या आधी येऊन गेलेत कुणीतरी, आणि राहिलेतसुद्धा.

हे सगळं चांगलं चालू असतानाच मार्च आला.

डोहाळ्यांबद्दल पुरुषांना सांगून कळत नाही. मला तोंडाला चव नव्हती, पोटात काही ठरत नव्हतं, आणि एकच वास नाकात बसला होता. सुक्या सुंगटांचा. आईला फोनवर नुसतं म्हटलं आणि तिनं गोव्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर डबा पाठवला. आत खारातली तोरं, सोलं, तिरफळं, आणि अगदी तळाशी तीन कागदांत गुंडाळलेली सुंगटं. आठ दिवस मी त्या पुडीला हात लावला नाही. मग एका शुक्रवारी दुपारी मामा-मामी देवळात गेलेली बघून दारं-खिडक्या लावल्या आणि तव्यावर मूठभर सुंगटं भाजली. खोबरं, कांदा, मिरची, सोलाचं पाणी. किस्मूर आणि पेज. जमिनीवर बसून मी जेवले. कितीतरी महिन्यांनी पोट भरून.

मामा-मामी लवकर परतली. जिन्यात पावलं वाजली, अर्ध्यावर थांबली आणि परत खाली गेली. बस्स. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी चौथ्या पायरीवर घागर नव्हती. तिसऱ्या दिवशीही नाही. मी लॉरीच्या रांगेत उभी राहू लागले. पाचव्या दिवशी घागर पुन्हा दिसली. तांब्या तसाच उपडा. मी ती उचलली आणि तिथंच पायरीवर बसून रडले. खाली जाऊन मामींना काय सांगायचं ते सगळं मनात जुळवलं, पण मला ते ना तमिळमध्ये येत होतं ना त्यांच्या हिंदीत. खरं सांगायचं तर कोंकणीतही आलं नसतं. मी गेले नाही. त्याही काही बोलल्या नाहीत.

एप्रिलच्या शेवटी मामा वर आले. अकरा महिने संपत आलेत, पुतण्याला घर हवंय, असं त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. हे म्हणाले, ठीक आहे. आगाऊ दिलेली रक्कम मामांनी पै न पै परत केली, रंगकामाचेसुद्धा कापून घेतले नाहीत. आम्ही तिरुवान्मियूरला एका नव्या इमारतीत फ्लॅट घेतला, जिथं मालकाला भाड्याशिवाय कशातच रस नव्हता. निघताना मामींनी मला त्यांचा जुना पितळी कॉफी फिल्टर दिला. मी म्हटलं, "पोयिट्टु वरेन." त्या म्हणाल्या, "पोयिट्टु वा." जाऊन ये. शब्द बरोबर होते. अर्थ मात्र आम्हा दोघींनाही माहीत होता.

मी बाळंतपणाला गोव्याला आले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, मासे खाल्ले म्हणून पोटुशी असताना घराबाहेर काढलं हो! सगळ्यांनी चुकचुक केलं. पुतण्या कधी आला नाही, हेही मी तिखटमीठ लावून सांगायची. घागरीचं मात्र सांगायचं राहून जायचं.

नोव्हेंबरात तीन महिन्यांची मुलगी घेऊन मी परत गेले. आणि २६ डिसेंबर २००४. रविवारची सकाळ. आमची इमारत समुद्रापासून जरा आत होती, तिथवर पाणी आलं नाही. पण कोळीवाड्यातली माणसं मुलं खांद्यावर टाकून रस्त्यानं धावत येत होती, ते मी गॅलरीतून बघितलं. पुन्हा लाट येतेय, अशी अफवा दर तासाला उठे. फोन लागत नव्हते. ज्यांच्या घासासाठी मी एवढं मन जाळलं होतं, त्या मासळीच्या मागच्या माणसांचं घरदार त्या दिवशी वाहून गेलं.

दुपारी दोनच्या सुमाराला बेल वाजली. दारात मामा. सत्तरीचे गृहस्थ, घामानं भिजलेले, हातात कापडी पिशवी. रिक्षावाले समुद्राकडे यायला तयार नव्हते, म्हणून बराचसा रस्ता चालत आले होते. "फोन लागला नाही. मामी म्हणाली, बघून या." पिशवीत दहीभाताचा डबा होता. ते खुर्चीवर बसले, पाळण्यात डोकावले आणि म्हणाले, "कोंजम तण्णी." थोडं पाणी.

मी आत गेले आणि ओट्यापाशी थांबले. हे घर आता आमचं होतं. आदल्याच दिवशी नाताळ म्हणून आणलेल्या विसवणाचं कालवण फ्रीजमध्ये होतं. मामा आयुष्यात कधी मासे शिजणाऱ्या घरात पाणी प्यायले नसतील. मी बाहेर येऊन उभी राहिले. कशीबशी म्हणाले, "मामा, इथं आम्ही मासे करतो. तिथं असतानाच सांगायला हवं होतं. चूक झाली."

मामांनी माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "चूक मीही केली. मी नीट विचारलं नाही. जे ऐकायचं होतं तेच ऐकलं." मग त्यांनी हात पुढे केला. मी पेला दिला. तिथल्या पद्धतीप्रमाणे ओठ न लावता, वरून धार धरून, त्यांनी तो पूर्ण रिकामा केला. आणि आणखी मागितलं.

पुढे पाच वर्षं आमचं जाणंयेणं राहिलं. मुलीचा पहिला शब्द 'तण्णी' होता. तो ऐकून गोव्यात आई गोंधळली होती. विहिरीला २००५ च्या पावसानंतर कठड्यापासून हात घालता येईल इतकं पाणी चढलं, ते मामांनी मुलीला उचलून दाखवलं. आता मामाही नाहीत, मामीही नाहीत. त्या जागी तीन मजली इमारत उभी आहे. फिल्टर माझ्याकडे आहे. अजून चालतो.

तर ह्या फोंड्याच्या जोडप्याची गोष्ट. आम्ही भाड्यानं देतोय म्हटल्यावर इमारतीच्या कमिटीतले एकजण घरी आले. "बाहेरच्यांना कशाला देता? आणि हे तर मासे खात नाहीत. उद्या आपल्याच वासाची तक्रार करतील!" मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, चष्मा बदलला, नजर तीच. भायले म्हणून आपण ज्यांच्याकडे बोट दाखवतो, त्यांच्या जिन्यात मी अकरा महिने चढ-उतार केली आहे. आणि आपली हजारो पोरं आजही कुठल्या कुठल्या गावात कुणाच्या तरी प्रश्नाला अर्धं उत्तर देत उभी आहेत.

मी पोलीस ठाण्यात भाडेकरूचा फॉर्म भरून दिला आणि चावी देताना त्या मुलीला सगळं सांगितलं. खाली सकाळी मासळीवाली येते, जिन्यात वास येणार, आम्ही खातो, शेजारी खातात. तुला चालणार नसेल तर आत्ताच सांग. तुझं काही असेल तर तेही सांग. अर्धं नको.

तिनं क्षणभर विचार केला. मग हसून म्हणाली, "परवायिल्लै आंटी." चालेल. आणि जरा थांबून, हळूच विचारलं, "इथं पाणी रोज येतं ना?"